कर्मयोगी गाडगेबाबा : घरची मिळकत आणि मुलांचे शिक्षण

अचलपूर ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला ही अरुंद मापाची रेल्वे आता बंद आहे. पथ्रोट, अंजनगाव, दर्यापूर अशी गावे घेत ती मूर्तिजापूरला पोचे. वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत आणि तेथून मुंबईच्या बंदरात जावा, एवढ्यासाठीच इंग्रजांच्या काळात ती घातली गेली होती. या गाडीचे रूळ पडण्यापूर्वी, त्याच कापसाच्या मुलखात एका मनुष्याच्या आयुष्याची पहिली एकोणतीस वर्षे गेली. त्याचे जन्मगाव अंजनगाव तालुक्यातील शेंडगाव आणि आजोळ मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे. त्याचे नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्यांना गाडगेबाबा म्हणून ओळखले.

दरवर्षी २० डिसेंबरला आपल्या शाळेत बाबांचा स्मृतिदिन होतो. बुद्धवंदनेनंतर मुले खराटे घेऊन मैदान झाडतात, एखादा शिक्षक पाच-दहा मिनिटे बोलतो आणि तासिका सुरू होतात. यात वावगे काहीच नाही. परंतु इतिहासाचा शिक्षक म्हणून मला नेहमी वाटत आले आहे की, खराट्याने आपल्या डोळ्यांसमोरचे अर्धे बाबा झाकून टाकले आहेत. गरीब घराचा जमाखर्च ज्याने आयुष्यभर मांडला आणि त्या जमाखर्चाचा मुलांच्या शिकण्याशी काय संबंध आहे हे ज्याने विद्यापीठाची पायरी न चढता ओळखले, त्या बाबांविषयी या स्मरणिकेत लिहावे असे ठरवले, त्याला आणखी एक कारण आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मागील मेळाव्यात काही जाणत्या बांधवांनी अशी सूचना मांडली की, दहावीच्या निकालाची टक्केवारी वाढवायची असेल तर पाचवीच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षा घ्यावी. सूचनेमागचा हेतू शाळेच्या भल्याचा होता, याबद्दल मला शंका नाही. तेथे वेळ थोडा होता आणि मला नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर बाबांच्या चरित्रात आहे, असे मला वाटते.

देबूजींचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झाला. वडील झिंगराजी, आई सखुबाई. जात परीट, म्हणजे आपल्याकडचा वरठी समाज. गावगाड्यात वरठ्याने वर्षभर गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन धान्य मागायचे, अशी रीत होती. या मिळकतीला ठराव नव्हता. पीक बुडाले की बलुतेही बुडाले. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात येथील कापसाला अवाच्या सवा भाव आला आणि युद्ध संपताच तो कोसळला. चढत्या भावात घेतलेली कर्जे उतरत्या भावात फेडण्याची पाळी आली आणि अनेक कुणबी-माळ्यांच्या जमिनी सावकारांच्या वह्यांत जाऊन बसल्या. देबूजींचा जन्म या उतरत्या काळातला.

झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. देबू तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांचा होता. सखुबाईंनी मुलाला घेऊन माहेरची वाट धरली. दापुऱ्याला तिचे वडील हंबीरराव आणि भाऊ चंद्रभान शेती करून होते. आश्रयाला आलेल्या विधवेच्या मुलाने त्या घरात काय करावे, हे कोणी वेगळे सांगावे लागले नाही. देबू मामाची गुरे राखू लागला. वऱ्हाडीत ज्याला ढोरकी म्हणतात तो. पहाटे गोठा झाडायचा, शेण काढायचे, शिदोरी बांधून गुरे रानात न्यायची, दिवस मावळता परत आणायची. या वेळापत्रकात शाळा कोठे बसणार होती? ती बसली नाहीच.

येथे थोडे थांबून एक तारीख ध्यानात घ्यावी. १८८२ साली, म्हणजे देबू सहा वर्षांचा असताना, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. शेतकरी आणि इतर गरीब वर्गांची मुले शाळेत टिकत नाहीत याचे कारण त्यांनी स्पष्ट नोंदवले होते. गुरे राखण्यासाठी आणि शेताची राखण करण्यासाठी आईबापांना त्या मुलांची गरज लागते, आणि शाळेकडे त्यांना ओढून घेईल असे शिष्यवृत्ती वा बक्षिसासारखे काही त्यांच्यापुढे ठेवलेले नसते. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणीही त्यांनी त्याच निवेदनात केली. जोतीराव पुण्यात हे लिहीत होते आणि वऱ्हाडातील एका खेड्यात त्या वाक्यांतील मुलगा प्रत्यक्ष वाढत होता. दोघांची भेट कधी झाली नाही.

मिळकत आणि शिक्षण यांचा संबंध आपण बहुधा पैशाच्या भाषेत समजून घेतो. फी, वह्या, गणवेश, शिकवणी. गरीब घरात खरी टंचाई वेळेची असते. सात वर्षांच्या मुलाच्या दिवसाला घरात किंमत असते, कारण तो गुरे राखतो, धाकट्या भावंडाला सांभाळतो, कापूस वेचतो. श्रीमंताच्या मुलाचा दिवस त्याचा स्वतःचा असतो. दोन्ही मुलांची बुद्धी एकाच मापाची असली तरी एकाच्या वाट्याला अभ्यासाचे तास येतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला येत नाहीत. पुढे वार्षिक परीक्षेत त्या तासांची मोजणी होते आणि तिलाच आपण गुणवत्ता म्हणतो.

देबूजी मोठे झाले तसे कष्टाळू शेतकरी म्हणून त्यांचा दापुऱ्यात लौकिक झाला. पोहण्यात, गाण्यात, भजनात ते पुढे असत. १८९२ मध्ये त्यांचा कुंताबाईंशी विवाह झाला. सारे सुरळीत आहे असे वाटत असतानाच मामाच्या घरावर कर्जाची कुऱ्हाड पडली. चरित्रकारांनी दिलेली हकीकत थोडक्यात अशी. चंद्रभानमामा एका सावकाराच्या भरवशावर व्यवहार करीत. पीक त्याच्याकडे जाई, पैसा त्याच्याकडून येई, कागदावर तो सांगेल तेथे मामाचा अंगठा उठे. कर्जाची रक्कम भरत गेले, पण पावती मागितली नाही, कारण मागून वाचणार कोण? शेवटी वहीतला आकडा फिटण्याऐवजी फुगला आणि कसदार जमीन सावकाराच्या नावावर गेली. मामा त्या धक्क्यातून सावरले नाहीत. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा देबूजींनी त्यांना वावरात पाऊल टाकू दिले नाही, असे चरित्रकार सांगतात. गावात त्या धैर्याचे कौतुक झाले. तरीही घराचे कंबरडे मोडायचे ते मोडलेच.

बाबांच्या साऱ्या विचाराची मुळी मला या प्रसंगात दिसते. गरिबीमुळे शाळा गेली होती. आता शाळा नसल्यामुळे जमीन गेली, आणि जमीन गेल्याने पुढच्या पिढीची शाळा जाणार होती. अक्षर आणि पोट यांचा हा फेरा त्यांनी पुस्तकात वाचला नाही. तो त्यांच्या घराच्या उंबरठ्यात फिरला. घरात पहिली मुलगी झाली तेव्हा जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाचे जेवण घालायला त्यांनी नकार दिला आणि गोडाचे जेवण घातले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिच्याकडे आपण व्यसनमुक्तीची गोष्ट म्हणून पाहतो. ज्याचा बाप दारूने गेला आणि ज्याचा मामा कर्जाने गेला, त्या तरुण बापाने आपल्या लेकीच्या नावाने कर्ज काढायचे नाकारले, असेही तिच्याकडे पाहता येईल.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी देबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, डोक्यावर खापर, हातात गाडगे आणि खराटा. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, नाल्या साफ करायच्या, मग कोणी दिलेली भाकर गाडग्यात घेऊन खायची. लोकांनी गाडग्यावरून नाव ठेवले. सुरुवातीच्या काळातील त्यांचे मोठे काम पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन येथे झाले. तेथे पौष महिन्यात रविवारची यात्रा भरते. नदीकाठची दरड निसरडी होती, बायामाणसे घसरून पडत. बाबांनी स्वतः माती वाहून वाट केली, पुढे लोकवर्गणीतून तेथे घाट बांधला. ऋणमोचन या नावाचा अर्थ कर्जातून सुटका. तीर्थात बुडी मारून कर्ज फिटत नाही, हे दापुऱ्याच्या त्या शेतकऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार! तरी त्यांनी आपले काम तेथूनच सुरू केले, कारण कर्जात बुडालेली माणसे तेथेच जमत होती.

बाबांचे कीर्तन ज्यांनी ऐकले अशी वृद्ध माणसे माझ्या लहानपणी आमच्या वस्तीत होती. त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट समान असे. बाबा उपदेश करीत नसत, विचारीत. अस्सल वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या गर्दीला प्रश्न टाकीत आणि गर्दीकडूनच उत्तर वदवून घेत. देवाला कापलेल्या बोकडाचे किती रुपये झाले, तेरवीच्या जेवणाला किती काढले, लग्नाचे कर्ज कोणत्या व्याजाने घेतले, त्याचा कागद कोणी वाचून दाखवला, आणि मुलाच्या शाळेला किती दिले? उत्तरे येत, हशा पिके आणि हळूहळू हशा थांबे. माझ्या मते ते कीर्तन म्हणजे उघड्यावर भरलेला हिशेबाचा वर्ग होता. शेकडो निरक्षर माणसे एका निरक्षर माणसासमोर बसून आपल्या घराचा ताळेबंद करीत होती.

त्या कीर्तनांतील एक आग्रह आज सर्वांच्या तोंडी आहे. जेवायचे ताट विकावे लागले तरी विकावे, हातावर भाकर घेऊन खावी, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्यावे, पडक्या घरात राहावे, पण मुलांना शाळेत घातल्याशिवाय राहू नये, असा त्याचा आशय. पालक मेळाव्यात आम्ही शिक्षक मंडळी तो हटकून सांगतो. परंतु खरे सांगायचे तर, अलीकडे तो सांगताना माझी जीभ अडखळते. ज्याच्या घरात विकायला ताटही नाही, त्याला हा उपदेश करून आपण मोकळे होतो. मूल नापास झाले की पालकांना शिक्षणाचे महत्त्व नाही, असा शेरा मारतो. माझे वडील सालदार होते. पाडव्याला साल ठरे, मालक बदलला की आमचे बिऱ्हाड बदले आणि नेमक्या त्याच दिवसांत वार्षिक परीक्षा असे. त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नव्हते, असे मी कोणालाही म्हणू देणार नाही.

बाबांचे मोठेपण हे की ते आग्रहावर थांबले नाहीत. ताट विका म्हणणारा हा माणूस दुसरीकडे हजारो रुपयांची वर्गणी गोळा करून इमारती उभ्या करीत होता. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा, मराठा धर्मशाळा, नाशिकला धर्मशाळा, मूर्तिजापूरला गोरक्षण आणि धर्मशाळा. पंढरीला जाणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्याला डोके टेकायला जागा मिळत नसे, त्याच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाने छप्पर उभे राहिले. या वास्तूंच्या उत्पन्नावर आपल्या कुटुंबीयांचा कोणताही हक्क राहू नये, अशी तजवीज बाबांनी केली. स्वतः ते त्या इमारतींत सुखाने राहिले नाहीत. कुंताबाई आणि मुलींनीही गरिबीतच दिवस काढले. एक इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या शेवटच्या गोष्टीचे कौतुक करताना माझे मन थोडे जड होते. कुंताबाईंना कोणी विचारले होते, असे कोठे वाचनात आलेले नाही.

धर्मशाळेपासून वसतिगृहापर्यंत बाबा कसे आले, हे समजण्यासाठी त्या वेळचा महाराष्ट्र पाहावा लागेल. साताऱ्यात १९२४ पासून कर्मवीर भाऊराव पाटील सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली ठेवून शिकवीत होते. आपल्या अमरावतीत, १९२६ साली विलायतेहून परतलेल्या पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढून तेच केले. विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या आरंभी सोलापूरला वसतिगृह उघडले होते. यांपैकी भाऊरावांशी आणि बाबासाहेबांशी बाबांचा विशेष स्नेह जुळला. कऱ्हाड येथे १९५४ मध्ये काढलेल्या महाविद्यालयाला भाऊरावांनी गाडगे महाराजांचे नाव दिले. कधीही शाळेत न गेलेल्या माणसाचे नाव महाविद्यालयाला!

बाबासाहेबांनी याच प्रश्नाला आकड्यांचा आधार दिला होता. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारी आकडेवारीतून विषमता उघडी केली. प्राथमिक शिक्षणात दर हजार लोकसंख्येमागे प्रगत हिंदूंची ११९ मुले शिकत होती, मुसलमानांची ९२, मध्यम वर्गाची ३८ आणि मागासवर्गाची केवळ १८. माध्यमिक शिक्षणात दर लाखामागे प्रगत हिंदूंचे प्रमाण ३,००० होते, तर मागासवर्गाचे १४. शिवाय पहिलीत येणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत परततात, हे त्यांनी सभागृहाच्या लक्षात आणून दिले. हे आकडे मुंबई इलाख्याचे होते आणि आपले वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होते. वर्गवारीही जातिसमूहांची होती, उत्पन्नाची नव्हती. तथापि त्या काळी जात आणि मिळकत यांची गाठ इतकी घट्ट होती की एकीचे माप घेतले तर दुसरीचे आपोआप निघे. त्या ८२ मुलांत दापुऱ्याच्या ढोरक्याचा समावेश नाही, कारण तो शाळेच्या दारापर्यंतही पोचला नव्हता.

बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४९ मध्ये गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी या संस्थेच्या स्वाधीन केली. या दानाचा उल्लेख आपल्याकडे दोन थोर पुरुषांच्या प्रेमाचे प्रतीक म्हणून होतो आणि ते प्रेम खरेच होते. आजारी बाबांना भेटायला देशाचा कायदामंत्री इस्पितळात गेला, ही आठवण आपण अभिमानाने सांगतो. मला मात्र त्या दानात एक विचारही दिसतो. वर्षातून चार दिवस देवाच्या दारी येणाऱ्या वारकऱ्याचे छप्पर वर्षभर शिकणाऱ्या मुलाला मिळाले. मुलाला घराच्या मिळकतीपासून काही वर्षे वेगळे करायचे, त्याचा दिवस त्याला परत द्यायचा, दोन वेळचे जेवण आणि रात्री दिवा द्यायचा, आणि मग त्याच्या बुद्धीचे माप घ्यायचे. वसतिगृहाचा अर्थ एवढाच आहे. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी स्थापन झालेल्या गाडगे महाराज मिशनने पुढे आश्रमशाळा आणि वसतिगृहे चालवली. त्यांत आदिवासी आणि भटक्या समाजांची मुले शिकली.

आता मेळाव्यातील त्या सूचनेकडे वळतो. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीवर आधारलेला अहवाल सरकारला दिला. इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांत शाळाशाळांमध्ये जो फरक असतो, त्यापेक्षा मुलाच्या घरची परिस्थिती त्याच्या गुणांशी कितीतरी अधिक जुळते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. काहींनी त्यावरून शाळा निरुपयोगी आहेत, असाही अर्थ काढला, तो मला पटत नाही. पण त्या अहवालातील दुसरी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. वर्गात शेजारी कोण बसतो, यावरही गरीब मुलाची प्रगती अवलंबून असते.

प्रवेशपरीक्षा घेतली म्हणजे काय होईल? दहा वर्षांच्या मुलाचा पेपर आपण तपासू. त्यात त्याच्या घरी पुस्तक आहे की नाही, आई साक्षर आहे की नाही, दिवाळीनंतर तो महिनाभर कापूस वेचायला गेला होता की नाही, हेच मुख्यतः उतरेल. वरची चाळीस मुले आपण घेऊ. सहा वर्षांनी निकाल उत्तम लागेल आणि त्या निकालाचे श्रेय शाळा घेईल, परंतु अर्धे काम त्या मुलांच्या घरांनी आधीच केलेले असेल. उरलेली मुले, ज्यांच्यासाठी दात्यांनी धान्याची पोती आणि सिमेंटच्या गोण्या दिल्या, ती फाटकाबाहेरून परत जातील. आणि आत आलेल्यांच्या शेजारीही ती बसणार नाहीत.

विरोधी बाजूनेही बोलले पाहिजे. आपला निकाल काही वर्षी चांगला नव्हता आणि त्याचे सारे खापर पालकांच्या मिळकतीवर फोडणे हा आम्हा शिक्षकांचा पळपुटेपणा ठरेल. गरिबी हे कारण असते तसे ते निमित्तही होते. एकाच वस्तीतून, एकाच प्रकारच्या घरातून आलेल्या दोन मुलांपैकी एक पुढे अभियंता होतो आणि दुसरा आठवीत गळतो, तेव्हा मधला फरक पुष्कळदा शाळेने केलेला असतो. आठवीत गळणारा मुलगा कधी गळू लागला, याची तारीख हजेरीपटात सापडते. मी माझ्या वर्गांचे जुने हजेरीपट पाहिले आहेत. सुट्टीनंतर वसतिगृहात उशिरा परतणारी मुले बहुतेक तीच असतात. दिवाळीची सुट्टी संपते तेव्हा वेचणी भरात असते, घरात मुलाच्या हातांना रोजी असते, आणि पंधरा दिवस उशिरा आलेल्या मुलाचा गणिताचा एक अख्खा धडा बुडालेला असतो. तो धडा त्याला पुन्हा कोणी शिकवला, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा आहे. परतलेल्या मुलांसाठी डिसेंबरात संध्याकाळचे वेगळे वर्ग घ्यावेत, असा माझा प्रस्ताव आहे. माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी आठवड्याचे दोन तास दिले तर त्याचे मोल देणगीहून कमी नसेल.

बाबांच्या शेवटच्या दिवसांविषयी थोडे. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस वसाहतीत त्यांचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे आणि ते मी विद्यार्थ्यांना ऐकवतो. आवाज थकलेला आहे, मात्र प्रश्न तेच आहेत. शिक्षणाने माणूस कोठवर जातो हे सांगताना ते आपल्या कीर्तनांत बाबासाहेबांचे उदाहरण देत. महिन्याभरातच, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेवला. अमरावतीत त्यांची समाधी आहे, तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. १९८३ साली स्थापन झालेल्या आपल्या अमरावती विद्यापीठालाही पुढे त्यांचे नाव देण्यात आले. माझ्या एम.ए.च्या पदवीपत्रावर ते नाही, मुलीच्या पदवीपत्रावर आहे.

अमरावती-परतवाडा एस.टी. वलगाववरूनच येते. जूनच्या अखेरीस त्या गाडीत पत्र्याच्या पेट्या, वळकट्या आणि गप्प बसलेली मुले असतात. त्यांच्यातील काही आपल्या शाळेच्या थांब्यावर उतरतात. सोबत आई असते, कधी आजोबा. कार्यालयात प्रवेशअर्ज भरला जातो. पालकाचा व्यवसाय या रकान्यात मजुरी असे लिहिले जाते आणि उत्पन्नाचा दाखला जोडला जातो. गेल्या जूनमध्ये अर्ज स्वीकारायला मी बसलो होतो. त्यांतील तीन अर्जांवर पालकाच्या सहीच्या जागी अंगठा होता.